भुईजांभळीची वाटणी

मामांची दोरी भुईजांभळीपाशी येऊन अडली आणि तिथं भांडणाला तोंड फुटलं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत म्हणजे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामा दोरीचं टोक धरून पुढे. त्यांच्या मागे दादा, खांद्यावर खुंट्यांची पिशवी आणि हातात हातोडा. त्याच्या मागे वहिनी, ऊन नसताना उघडलेली छत्री घेऊन. मग धाकटी बेबी, जी पन्नाशीला टेकली तरी घरादारात बेबीच राहिली होती आणि चपलेत खडा गेला म्हणून सारखी थांबत होती. सगळ्यांच्या मागे ताई. तिचे हात रिकामे होते. रोपवाटिकेत ताई रिकाम्या हातांनी चालते आहे, असं कुंड्यांतल्या रोपांनीसुद्धा कधी पाहिलं नसेल.

वडील, म्हणजे नाना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात या तीन भावंडांचं एकमेकांशी जे काही बोलणं झालं ते मामांच्या तोंडून. "ताईला सांगा, टाकीचा नळ परस्पर बंद करत जाऊ नको." "दादाला सांगा, त्याच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझी सावलीची जाळी जळते." मामा म्हणजे आईचे भाऊ, जन्मभर शिंपीकाम केलेले. दुकान बंद केलं तरी गळ्यातली टेप सुटली नव्हती. जमीन मोजायलाही ते तीच घेऊन आले होते, मग दादानंच त्यांना दोरी आणून दिली.

"एका कापडातून तीन-तीन सदरे बेतलेत मी," सकाळी चहा पिताना ते म्हणाले होते. "पण तेव्हा कापड भांडत नव्हतं."

कुणी हसलं नव्हतं.

राहतं घर आणि त्याला लागून असलेलं वर्कशॉप दादाला, असं ठरलं होतं. रस्त्याकडचा पट्टा बेबीला. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, आणि दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघण्याचा आता तिला कंटाळा आला होता. तिला स्वतःचं रोपांचं दुकान टाकायचं होतं. आणि मागचा खडकाळ उतार, जिथं गवतसुद्धा विचार करून उगवतं, तो ताईला. रोपवाटिका इतकी वर्षं चालवली ताईनं, आणि वाटणीत मागून घेतला उतार. तिनं घरातली आपली खोली सोडली, रस्ता सोडला. शेडमध्ये खाट टाकून राहीन म्हणाली. अट एकच होती. भुईजांभळी माझ्या हद्दीत पाहिजे.

भुईजांभळी ही जांभळाच्या गोतातली, पण उंच व्हायचं जिच्या कधी मनातच आलं नाही अशी. छातीइतकं झुडूप. सुईसारखी बारीक पानं. पान चुरगळलं की लिंबाच्या सालीचा वास येतो आणि त्याच्या मागून हळूच औषधाचा. या टेकड्यांवर ती कुणी आणून लावली नव्हती. माणसं यायच्या आधीपासून ती इथलीच, तिची ती. एरवीची भुईजांभळी पांढरी फुलते आणि पांढरीच झडते. नानांना तरुणपणी एका कड्याखाली वेगळीच सापडली. तिची कळी गुलाबी, फूल पांढरं, आणि पिकेल तसं ते लाल होत जायचं, अगदी डाळिंबी. पोर, बाई आणि म्हातारी, तिन्ही एका फांदीवर. नानांनी तिची काडी आणून इथं जगवली. पुढे तो कडा खडीसाठी फोडला गेला. मग अशी भुईजांभळी उरली ती ही एवढीच.

फुलांच्या दिवसांत ताई तिच्या फांद्या घेऊन पहाटे फुलबाजारात शिरली की फुलवाले हातातलं गिऱ्हाईक सोडून उठत. "ताई, एक रोप द्या की," असं म्हणणाऱ्याला ताईचं उत्तर ठरलेलं होतं: "जीव मागा, रोप मागू नका." दोनदा तिनं काड्यांना मुळं आणली होती, आणि दोन्ही वेळा जमिनीत लावताना रोपं गेली, कारण या झाडाला मुळांशी केलेली मस्करी चालत नाही. तिसऱ्यांदा तिनं केलंच नाही. जगात एकच आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे, यात तिला पोट भरल्यासारखं वाटायचं.

वाटणीची भाषा सुरू झाली आणि या झुडपावरून मामांच्या तोंडूनच पहिली खडाखडी उडाली, तेव्हा मामांनी दंडक घातला होता: दोरी पडेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. फुलांचे दिवस नव्हते, छाटणी होऊन गेली होती. ताईनं दंडक पाळला. शेडचं छप्पर नीट करता करता ती लांबून, जाळीवरून झुडपाकडे बघायची. लांबून ते हिरवंगार दिसत होतं. नेहमीपेक्षा जास्तच हिरवं.

"खुंटी इथं," दादा म्हणाला आणि त्यानं झुडपाच्या पलीकडे, उताराच्या बाजूला पाय आपटला.

"अलीकडे," ताई म्हणाली. वर्षभरात ती त्याच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

"मामा, टाकीच्या कोपऱ्यापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ म्हटलं होतं ना आपण? मग ताणा की सरळ. बघू झाड कुठं येतं."

मामांनी दोरी ताणली. दोरी झुडपाच्या बुंध्याला घासून गेली. मामांनी चष्मा वर केला, खाली केला, वाकून पाहिलं.

"शिवणीवर आलंय," ते म्हणाले.

"शिवण कसली मामा? सगळ्या फांद्या माझ्याकडे झुकल्यात."

"फांद्या उजेडाकडे झुकतात," ताई म्हणाली. "तुझ्या बाजूला वर्कशॉपची भिंत आहे पांढरी, तिची तिरीप येते म्हणून. तुझ्या प्रेमापोटी नाही झुकल्या."

"हे बघ, सरळ म्हणजे सरळ."

"मी घर सोडलं दादा! घर! आईनानांच्या मागे ज्या घरात मी राहिले, ते सोडून पत्र्याखाली चाललेय. ते काय तुझ्या तोंडाकडे बघून?"

"माझ्या तोंडाकडे बघून तू काय सोडणार, खुरपे!"

लहानपणी नानांनी ठेवलेलं नाव होतं ते. सदा मातीत आणि सदा धारदार, म्हणून खुरपी. नानांच्या तोंडी ते गोड लागायचं. दादानं ते दगडासारखं फेकलं.

"ताईला मिळू दे झाड," बेबी मध्येच म्हणाली. "केलंय तिनंच त्याचं."

ताईला आतून एकदम उबदार वाटलं. तिनं बेबीकडे पाहिलं. वर्षभरात धाकटीनं आपली बाजू घेतली असं हे पहिल्यांदाच होत होतं.

"फक्त मला थोड्या काड्या हव्यात तिच्या," बेबी पुढे म्हणाली. "दुकान मांडायचं तर काहीतरी वेगळं हवं ना."

"नाही."

"अगं, थोड्या."

"एक नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. तुझ्या दुकानात येणाऱ्या बायका खिडकीत ठेवून मारतील तिला."

बेबीचं तोंड उतरलं, आणि मग लाल झालं. खडा गेलेली चप्पल तिनं पायात सरकवली, दोरी ओलांडली आणि दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"दोरी सरळच आहे मामा," ती म्हणाली. "मारा खुंटी."

"वा गं वा!" ताई म्हणाली. "काडी मिळाली असती तर दोरी वाकडी होती काय?"

"तुझ्यासारखी नाहीये मी. तू तर मुठीत वारा धरून ठेवशील आणि म्हणशील, माझ्या नानांचा आहे."

"वन्सं," वहिनीनं छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. 'वन्सं' हा शब्द ती फक्त भांडणात काढायची, एरवी ताईच म्हणायची. "एवढं काय त्यात? झाड काय पळून चाललंय? आमच्याकडे राहिलं म्हणून लगेच मरणार आहे का ते?"

ताई उत्तर द्यायला वळली. वळताना तिचा हात सवयीनं फांदीवर गेला, सवयीनं तिनं एक शेंडा चुरगळला आणि सवयीनं नाकाशी नेला.

लिंबाचा वास नव्हता. चुरा नुसता कुरकुरला, वाळक्या पापडीसारखा, आणि बोटांवर आंबूस काहीतरी राहिलं. तिनं दुसरी फांदी धरली, मग तिसरी. वरून हिरवी असलेली पानं आतल्या बाजूला तांबूस पडली होती. ती गुडघ्यांवर बसली. बुंध्याशी तिनं बोटं खुपसली.

माती ओली होती.

महिनाभर आभाळ कोरडं ठाक, आणि या उतारावर माती ओली. नुसती ओली नव्हे, गिचगिचीत. ताईनं ओंजळभर माती उपसली. तिच्यात चहाचा काळा चोथा होता, अंड्यांची टरफलं होती, आणि मधेमधे विरघळत आलेले निळे दाणे. तिनं आणखी खाली हात घातला, तर बोटांना एक बारीक काळी नळी लागली. टोकाला पितळेची छोटी तोटी, सुबक घासून बसवलेली. तोटीतून पाणी ठिबकत होतं.

ताईनं नळी धरून ओढली. खडीखालून ती वर येऊ लागली, उसवलेल्या शिवणीसारखी, हातभर, मग आणखी हातभर. सगळ्यांचे डोळे तिच्यामागे धावले. नळी दोरीखालून गेली, दादाच्या पायांमधून गेली आणि वर्कशॉपच्या भिंतीला लावलेल्या नळापाशी जाऊन थांबली.

लांब कुठंतरी एक गाडी गिअर बदलत चढ चढत होती.

"मामांनी सांगितलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की दादा एक पाऊल मागे सरला. "हात लावायचा नाही."

"हात कुठं लावला? नळी लावली," दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"आणि हे निळे दाणे? हेही नळीतून आले?"

बेबीनं छत्रीखाली सरकायचा प्रयत्न केला. वहिनीनं छत्री बाजूला घेतली.

"डब्यावर लिहिलं होतं भरघोस फुलं येतात," बेबी म्हणाली. "तू पहाटे रोपं घेऊन बाजारात गेलीस की यायचे मी. मला वाटलं, तुझ्याच वाट्याला जाणार आहे, तर..."

"तर?"

"तर माझ्या हातानं एकदा फुलू दे."

"आणि चोथा?" ताई उठली. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. "चोथा कुणाच्या घरचा?"

"माझ्या घरचा," वहिनी म्हणाली. ती मान खाली घालणाऱ्यातली नव्हती. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दुसरं काय दिसतं वन्सं? वर्षभर एक हे झाड आणि एक तुम्ही, आणि तुम्ही तर माझ्याकडे पाठ करूनच उभ्या. ते आपलं एकटं दिसायचं. टाकला चोथा. विष नाही टाकलं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? मला म्हणालात, तिच्या झाडाकडे फिरकू नकोस, नसती कटकट होईल! आणि स्वतः पितळेची तोटी बसवून आलात?"

"तुला सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीला कळलं असतं."

"हो का! गल्लीला कळलं असतं तर निदान झाड वाचलं असतं!"

"तू गप्प बैस."

"मी नाही बसणार गप्प!"

"अरे, थांबा," मामा म्हणाले.

पण ताईचा बांध आता फुटला होता.

"मारलंत!" ती ओरडली. "तिघांनी मिळून मारलंत तिला! कातळाच्या फटीत वाढणारी जात ती, तिला भूक लागते, आणि भूकच खाऊन ती जगते! पाणी नको तिला, खत नको, कुणाची दया नको! नानांनी जन्मभर तिला काही घातलं नाही, काही म्हणजे काही, म्हणून जगली ती! एवढंसुद्धा कळत नाही तुम्हाला? रोपवाटिकेत जन्मलात ना? की रस्त्यावरून उचलून आणलं होतं आईनं?"

"कुणी सांगितलं हे?" दादा म्हणाला.

"काय?"

"भूक खाऊन जगते, पाणी नको, हे कुणी कुणाला सांगितलं?" दादाचा आवाज चढला. त्याच्या हातातला हातोडा त्याला नको झाला असावा. त्यानं तो खाली टाकला. "नानांनी तुला सांगितलं. एकटीला. तू कुणाला सांगितलंस? माझं लग्न झालं त्या वर्षी मी आलो होतो शेडमध्ये तुझ्याकडे. म्हटलं, मलाही दाखव ना काडी कशी धरतात. काय म्हणालीस? आठव."

ताई झुडपाकडे बघू लागली.

"तुझं लोखंड सांभाळ, म्हणालीस. तेव्हापासून लोखंडच सांभाळतोय. मला जे येतं ते मी केलं. मला पाणी आणता येतं, मी पाणी आणलं."

"मीही विचारलं होतं," बेबी म्हणाली. "दोनदा."

"मला तर विचारायची सोयच नव्हती," वहिनी म्हणाली.

तिघं एका बाजूला उभे होते आणि मधे ती दोरी. ताईला वाटलं, आपण आता या सगळ्यांना काहीतरी फेकून मारणार. हाताशी चिखलाशिवाय काही नव्हतं. रागातला नेमका किती कुणावर आहे हे तिला सांगता आलं नसतं. नाना जाताना तिच्याशीच बोलत होते. इतरांना त्यांनी दाराबाहेर ठेवलं नव्हतं. दार तिनं लोटून घेतलं होतं.

"बरं, मला एवढं सांगा," मामा म्हणाले. खुंटी जमिनीत रोवून ते तिच्याच आधारानं टेकून बसले होते. "कापड जळालं का नुसतं डागलंय? मेलंय का हे?"

ताईनं अंगठ्याच्या नखानं बुंध्याची साल खरवडली. आत तपकिरी. पुढची फांदी, तपकिरी. त्याच्या पुढची, तपकिरी आणि ओली. ती झुडपाला वळसा घालून वरच्या अंगाला गेली, जिथं मूळ कातळात शिरलं होतं आणि पाणी पोचलं नव्हतं. तिथली एक फांदी तिनं खरवडली.

सालीखाली हिरवी रेघ होती, धाग्याएवढी.

"मेलंय," ती म्हणाली. "ही एक फांदी सोडून. हिलाही अजून कळलेलं नाही. भुईजांभळी मेली तरी कितीतरी दिवस हिरवी दिसते, लोक पाणी घालत बसतात. उद्या हिची काडी मूळ धरायची नाही."

"आणि आज?"

ताईनं त्या फांदीकडे पाहिलं. एका माणसानं काड्या कापायच्या, पानं काढायची, वाळू तयार करायची, झाकायची, आणि हे सगळं शेंडे माना टाकायच्या आत. दोन हातांत मावणारं काम नव्हतं ते. तिला ते कबूल करायचं नव्हतं. तिनं ते कबूल केलं तेही ओरडूनच.

"आज काय? उभे काय राहिलाय सगळे पुतळ्यासारखे? दादा, तुझ्या वर्कशॉपमागे जाडी वाळू पडलीये, ती चाळ! बारीक टाकून दे, जाडी ठेव! आणि पत्र्यावर घालून भाज ती, तुझ्या त्या ज्वाळेनं. कीड राहता कामा नये. भाज म्हटलं, जाळ म्हटलं नाही!"

दादा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग चालू लागला. मग धावला.

शेडमधल्या लांब टेबलाशी ताईनं फांदी आणून ओल्या फडक्यात गुंडाळली. बेबीला तिनं समोर बसवलं. "खालची पानं काढायची, निम्म्यापर्यंत. साल सोलली तर काडी फुकट." बेबीनं एक काडी घेतली आणि पानं अशी उचलली, जशी दुखऱ्या दाढेतली कापसाची बोळी. काडीवर ओरखडा नाही. ताईनं ती उलटून पालटून पाहिली आणि कौतुक गिळून टाकलं.

"हं," ती म्हणाली. "हात चांगला आहे. आधी दाखवायचास."

"आधी बघायचास," बेबी म्हणाली.

मामा पारदर्शक कागद टेपनं मोजून कापत होते, कडेला दुमड सोडून, जणू कुणाला घालायचा होता. वहिनीनं छत्री मिटून कात्री उचलली. ताईचं लक्ष दुसरीकडे आहे असं बघून तिनं फांदी धरली आणि खाली, जिथं नुसतं लाकूड होतं, तिथं कात्री लावली.

"हात तोडीन!" ताई किंचाळली. "तिथं नाही! तिथं कापलं तर परत फुटत नाही! पान आहे तिथंच, पान आहे तिथंच फक्त!"

"मग आधी सांगायला काय झालं?" वहिनीही किंचाळली. "ओरडायच्या आधी सांगायची काही पद्धत आहे का नाही तुमच्या घरात?"

ताईनं तोंड उघडलं आणि शिवीच्या जागी भलतंच बाहेर आलं. नाना काड्या कापताना गुणगुणायचे ते. गेली कित्येक वर्षं तिनं ते मनातल्या मनातच म्हटलं होतं. आता ती ते दात-ओठ खात म्हणाली, एकेक शब्द कात्रीसारखा चालवत:

"जिथं पान तिथं कात्री, उघड्या काडीला नको धार,
भूक तिचं गं माहेर, भरल्या ताटानं नको मार!"

पत्र्यावर वाळू हलवणाऱ्या दादाचा हात थांबला.

"हे ते," तो दारातून म्हणाला. "नाना शेडमध्ये म्हणायचे ते. मला नुसती चाल ऐकू यायची भिंतीपलीकडून. मला वाटायचं, आईची आठवण येते म्हणून गातात."

"वाळू करपतेय," ताई म्हणाली.

दोन ओळी वहिनीनं पुन्हा म्हणून पाहिल्या, ओठांतल्या ओठांत, आणि पानाच्या बरोबर खाली कात्री लावली. काडी तुटली. आतून हिरवी. ताई काही बोलली नाही, म्हणून वहिनीनं पुढची कापली.

अंधारून यायच्या आत काम संपलं. या सगळ्या वेळात ताई कुणाशीही एक शब्द धड बोलली नव्हती. वाळूत एवढं खोल नको, एवढं वर नको. पाण्याचा फवारा म्हणजे आंघोळ नव्हे. मामा, झाकण घट्ट नको, तिला श्वास घ्यायचाय. दादा, तुझी सावली पडतेय. ती ओरडत होती आणि शेडमध्ये चारही माणसं, ऐकणारी, तिच्या ओरडण्यातून एकेक गोष्ट उचलून घेत होती. चाळीस वर्षांचं तिच्या एकटीचं गुपित सांडत होतं, आणि ते सांडू नये असं वाटूनही तिला थांबता येत नव्हतं.

काड्यांचे तीन ट्रे भरले. ते आपोआप तीन झाले नव्हते. ताईनंच काड्या मोजून न मोजल्यासारखं करत तीन ठिकाणी टोचल्या होत्या. बेबीच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही. बोललं तर ताईचं मन फिरेल, एवढं तिला आपल्या बहिणीबद्दल ठाऊक होतं.

पहिला ट्रे ताईनं बेबीसमोर आदळला. "दुकानात ठेवायचा नाही. घरात. उजेड हवा, ऊन नको. विकलास तर तुझं तोंड बघणार नाही."

"आत्ता कुठं बघतेस?" बेबी म्हणाली आणि ट्रे छातीशी धरला.

दुसरा ट्रे शेडमध्येच राहिला. तिसरा उचलून ताई दाराशी आली. दादा हात पुढे करून उभा होता. ताई त्याला ओलांडून गेली आणि ट्रे तिनं वहिनीच्या हातात दिला.

"ह्याला देत नाही," ती म्हणाली. "हा नळी लावेल."

"मी हात कापून घेईन, पण..." दादा सुरू झाला.

"तू बोलू नकोस." ताई वहिनीकडे वळली. दोघींच्या मधे ट्रे होता, त्यावर मामांनी शिवल्यासारखं बसवलेलं झाकण, आणि झाकणाखाली बारीक हिरव्या काड्या, अजून आपण काय आहोत हे न कळलेल्या. "स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. वाळू कोरडी झाली तरच फवारा, तोही एकदा. मुळं यायला महिने लागतील. मधे ओढून बघायचं नाही. चोथा नाही, टरफलं नाही, काही नाही. वाईट वाटलं तर वाटू द्या. द्यायचं मात्र काही नाही."

"समजलं," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही बघायला येणार असाल ना रोज? काय चुकलं ते सांगायला?"

"येईन."

"दार वाजवून या. की खिडकीतूनच ओरडणार?"

ताईच्या हातांवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ती तो नखानं काढत राहिली.

"मेल्या तर लपवू नका," ती शेवटी म्हणाली. "मला सांगा."

"सांगेन. आणि तुमच्या मेल्या तर?"

दादा, बेबी, मामा, तिघांनी मान वर केली. वहिनीनं हे टोचायला विचारलं होतं की खरंच विचारलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"तर तुमच्याकडे मागायला येईन," ताई म्हणाली. रागानंच म्हणाली.